मागच्या चाकाची पकड : वजन, पाटे, शॉकअप आणि ड्रॅग रेस



आजच्या लेखात आपण थोड्या वेगळ्या विषयाची माहिती पाहणार आहोत. गाडी सुटताना मागचं चाक जागेवर का फिरतं? ते रस्ता धरून पुढे कसं जातं? ड्रॅग रेसमधल्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन का बदलतात? आणि आपल्याकडे काही मुलं बाईकला, काही चालक पिकअपला जे बदल करतात, त्यातून खरंच काय मिळतं? विषय गॅरेजचा वाटेल, पण आहे तो आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातलाच. घर्षण, बल, गुरुत्वमध्य हे सगळं यात आहे. चला तर मग, सुरुवात शाळेतल्या एका प्रसंगापासून करूया.

शाळेच्या उतारावर अडकलेली पिकअप

माझी शाळा तलासरी तालुक्यात, डहाणूच्या हद्दीला लागून आहे. मुख्य रस्त्यावरून शाळेकडे यायला मातीचा उतार आहे. पावसाळ्यात तिथे काय होतं ते आपल्या भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. एका जुलैत पोषण आहाराचा तांदूळ घेऊन पिकअप आली. गोणी उतरवल्या, सही-शिक्का झाला आणि गाडी परत निघाली. रिकामी गाडी, दणकट इंजिन, पण अर्ध्या चढावर जाऊन थांबली. मागची चाकं जागेवर गरगर फिरायला लागली, चिखल उडाला, गाडी इंचभर पुढे जाईना.

चालक काका खाली उतरले. कंपाउंडसाठी आणलेले दगड पडले होते, ते बघून म्हणाले, "सर, हे दगड मागं भरू द्या जरा, वर गेलो की काढून ठेवतो." चार-पाच पालक जमले, अर्ध्या तासात दगड भरले. आणि गाडी हळूहळू चढून वर गेली!

मुलं खिडकीतून बघत होती. चौथीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, "सर, वजन वाढवलं तर गाडी जड झाली ना? मग चढली कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आजचा सगळा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पकड म्हणजे काय?

टायर रस्त्याला जितक्या जोराने दाबला जातो, साधारण तितक्या प्रमाणात तो रस्ता धरतो. यालाच आपण घर्षण म्हणतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा.

१) चाकावर किती वजन आहे.
२) टायर आणि रस्ता यांची जोडी कशी आहे. कोरड्या डांबरावर चांगला टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण ७० ते ८० टक्के इतका जोर लावू शकतो. ओल्या डांबरावर हे प्रमाण बरंच खाली येतं आणि ओल्या मातीवर तर फारच कमी होतं.

इंजिन कितीही मोठं असू द्या, या दोन गोष्टींनी जी मर्यादा घातली त्यापेक्षा जास्त जोर रस्त्यावर पोचत नाही. जास्तीचा जोर फक्त चाक फिरवतो, टायर झिजवतो, धूर काढतो. शिवाय एकदा चाक घसरून फिरायला लागलं की त्याची पकड आणखी कमी होते. सरकत्या वस्तूचं घर्षण थांबलेल्या वस्तूपेक्षा कमी असतं, हे आपण शिकलोच आहोत. म्हणून चिखलात अडकल्यावर एक्सिलेटर दाबत बसू नये.

आता आपल्या पिकअपचा हिशोब करू. सोपा व्हावा म्हणून आकडे गोल धरले आहेत.

समजा रिकाम्या पिकअपचं वजन १५०० किलो. त्यातलं पुढच्या चाकांवर ९०० आणि मागच्या चाकांवर ६००, कारण इंजिन आणि केबिन पुढे असतं. गाडी ओढतात मागची चाकं. चिखलावर पकड वजनाच्या फक्त २० टक्के धरू. मग मागच्या चाकांची ताकद झाली ६०० च्या २० टक्के, म्हणजे १२० किलोइतका जोर. चढ आहे दहाला एक. तो चढायला एकूण वजनाच्या दहावा भाग, म्हणजे १५० किलोइतका जोर लागतो. हवेत १५०, मिळतात १२०. गाडी घसरणारच!

आता मागच्या चाकांच्या बरोबर वर ४०० किलो दगड भरले. एकूण वजन १९००, म्हणजे चढायला १९० हवेत. पण मागच्या चाकांवर आता १००० किलो आले, त्याचे २० टक्के झाले २००. हवेत १९०, मिळतात २००. जेमतेम, पण चढली.

म्हणजे वजन वाढलं हे खरं, पण ते सगळं ओढणाऱ्या चाकांवर पडलं. नुसतं जास्त वजन कामाचं नाही, योग्य जागी वजन कामाचं. हेच दगड केबिनमध्ये ठेवले असते तर काका आजही तिथेच असते! ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरांत पाणी भरतात ते याच कारणाने.

गाडी सुटते तेव्हा वजन मागे जातं

इथपर्यंत गाडी उभी किंवा हळू होती. आता जोरात सुटणाऱ्या गाडीकडे वळू. एसटीने झटका दिला की आपण मागे जातो. गाडीचंही तसंच होतं. तिचं नाक उचललं जातं, शेपूट बसतं, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि मागच्यांवरचा वाढतो. याला 'वजनाचं मागे सरकणं' म्हणू.

करून पाहा : एका परातीत थोडं पाणी घ्या. परात टेबलावर ठेवून एकदम पुढे ओढा. पाणी मागच्या काठावर चढतं. हळू ओढली तर फारसं चढत नाही. जितका झटका मोठा, तितकं पाणी मागे.

किती वजन मागे सरकतं याचं सूत्र सोपं आहे : एकूण वजन गुणिले झटक्याचं प्रमाण, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर.

उदाहरण घेऊ. बाईक १५० किलो, चालवणारा ६० किलो, एकूण २१०. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६ मीटर वर, दोन चाकांत अंतर १.३ मीटर. वेग वाढतोय गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने, म्हणजे प्रमाण ०.५. मग २१० × ०.५ × ०.६ ÷ १.३ = सुमारे ४८ किलो. उभ्या बाईकवर दोन्ही चाकांवर १०५-१०५ किलो असतील, तर सुटताना पुढे ५७ आणि मागे १५३ किलो होतात. मागच्या चाकाची पकड जवळजवळ दीडपट झाली, तीही एकही दगड न भरता!

आता हे सूत्र पुन्हा एकदा वाचा. त्यात वजन आहे, झटका आहे, उंची आहे, लांबी आहे. शॉकअप कुठे आहे? पाटे कुठे आहेत? कुठेच नाहीत.

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. सस्पेन्शन वजन तयार करत नाही. मागे येणारं वजन टायरवर कसं पडेल, लवकर की उशिरा, सलग की हिसके देत, दोन्ही चाकांवर सारखं की एकावर जास्त, एवढंच ते ठरवतं. दुकानदार "हा शॉकअप टाक, गाडी डबल पकडेल" म्हणतो, तेव्हा हे सूत्र आठवा.

ड्रॅग रेस म्हणजे काय?

दोन गाड्या, सरळ पट्टा, वळण नाही. दिवा हिरवा झाला की सुटायचं. नेहमीचं अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. आपला शंकरपट आठवा, तोही सरळ रेषेतला आणि वेळेचाच खेळ. जोर लावताना बैल मागचे पाय रोवतो, तसं इथे मागचं चाक रोवावं लागतं. शर्यत बऱ्याचदा पहिल्या वीस मीटरांतच ठरते, म्हणून या खेळात मागच्या सस्पेन्शनला एवढं महत्त्व आहे.

आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानाच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा भरत आली आहे. बाईकच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर होतात. बंगळूरुचा हेमंत मुद्दप्पा तिथे अनेकदा राष्ट्रीय विजेता ठरला आहे. म्हणजे हा खेळ आपल्या देशात रीतसर खेळला जातो, हेही मुलांना माहीत असायला हवं.

मागच्या सस्पेन्शनचे भाग आणि त्यातले बदल

आता एकेक भाग पाहूया.

१) पाटे
पिकअप, जुनी अँबेसेडर, जुनी प्रीमियर पद्मिनी यांच्या मागे कमानीसारखे पोलादी पाटे असतात. मागचा अ‍ॅक्सल या पाट्यांच्या मध्यावर यू-बोल्टने बांधलेला असतो. गाडी जोरात सुटली की चाक पुढच्या दिशेने फिरतं आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून अ‍ॅक्सलचं हाउसिंग उलट्या दिशेने पिळलं जातं. न्यूटनचा तिसरा नियम! या पिळाने पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. एका मर्यादेनंतर टायर सुटतो, पाटा झटकन सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पाटा पुन्हा वाकतो. हे सेकंदाला कित्येक वेळा होतं आणि मागचं चाक अक्षरशः उड्या मारतं. हवेत असलेल्या चाकाला पकड कसली? उलट याच हिसक्यांनी अ‍ॅक्सल आणि युनिव्हर्सल जॉइंट तुटतात.

करून पाहा : प्लास्टिकची लवचिक पट्टी दोन्ही टोकांना मित्राला धरायला सांगा. मधोमध चिमटीत पकडून पिळा. एस आकार दिसेल. सोडली की पट्टी झटका देते.

उपाय म्हणजे ट्रॅक्शन बार. हा दणकट दांडा पाट्याच्या खाली बसतो. मागचं टोक अ‍ॅक्सलला पक्कं, पुढचं टोक पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळ. अ‍ॅक्सल पिळायला लागला की दांडा त्याला अडवतो आणि तोच पिळ टायर खाली दाबायला वापरला जातो. पाट्याच्या गाडीत ड्रॅगसाठी करायचा हा पहिला आणि सगळ्यात उपयोगी बदल.

२) लिंक किंवा दांड्यांची रचना
काही गाड्यांत पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असते आणि अ‍ॅक्सल तीन-चार दांड्यांनी चेसीला जोडलेला असतो. चाकांचा पुढे ढकलणारा जोर या दांड्यांमधूनच गाडीला मिळतो. त्यामुळे दांड्यांच्या तिरकेपणाला फार महत्त्व आहे.

अडकलेली जीप ढकलणारा माणूस आठवा. तो खाली वाकून, हात किंचित वरच्या दिशेने लावून ढकलतो, तेव्हा त्याचे पाय जमिनीत रुततात. तोच उभा राहून वरून खाली ढकलेल तर पाय घसरतील. दांड्यांचंही तसंच. ते मागून पुढे किंचित वर चढत असतील, तर गाडीचं शेपूट उचललं जातं आणि टायर खाली दाबले जातात. ड्रॅगच्या गाड्यांत दांड्यांना वर-खाली बऱ्याच भोकांची पट्टी असते. भोक बदलून हा तिरकेपणा बदलता येतो. मात्र तो फार वाढवला तर टायर सुरुवातीला जोरात आपटतो आणि पुढच्या क्षणाला हलका पडतो.

३) शॉकअप
स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअप तिची उडी थांबवतो. ही दोन वेगळी कामं आहेत. शॉकअप नसेल तर खड्ड्यातून गेल्यावर गाडी कितीतरी वेळ डोलत राहील. ड्रॅगसाठी असे शॉकअप घेतात ज्यांचं दबणं आणि उघडणं वेगवेगळं कमी-जास्त करता येतं. पुढचे शॉकअप सहज उघडणारे ठेवतात, म्हणजे नाक पटकन वर येतं. मागचे असे लावतात की टायर आपटूही नये आणि उसळूही नये. एका वेळी एकच बदल करायचा, धाव घ्यायची, वेळ लिहायची, मग पुढचा बदल. वहीत नोंद न ठेवता खिळे फिरवणाऱ्याला काहीच कळत नाही. आपल्या प्रयोगवहीचाच हा नियम आहे.

४) बुश
जोडांमध्ये रबराचे बुश असतात. जुने झाले की फाटतात आणि अ‍ॅक्सल आपल्या मनाने हलतो. बरेच जण महागडे पार्ट घेतात, पण फाटलेला बुश तसाच ठेवतात. ड्रॅगच्या गाड्यांत रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश टाकतात. त्याने हालचाल कमी होते, पण आवाज आणि कंप वाढतो.

५) दोन्ही चाकांवर सारखा भार
मागचा सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्टच्या पिळाने एक मागचं चाक दाबलं जातं आणि दुसरं हलकं होतं. बहुतेक गाड्यांत उजवं हलकं होतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पिळ देतं, त्यामुळे हलक्या चाकाने हात टेकले की दाबलेलं चाकही काही करू शकत नाही. चिखलात एकच चाक फिरताना आणि दुसरं गप्प उभं असताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून ड्रॅगच्या गाड्यांना मागे मजबूत अँटी-रोल बार आणि वेगळ्या प्रकारचं डिफरन्शियल लावतात.

बाईकचं काय?

बाईकला मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत चिमटा असतो. ड्रॅगच्या बाईकचा चिमटा लांब असतो आणि बाईक जमिनीलगत असते. आता आपलं सूत्र लावा. लांबी वाढली, उंची कमी झाली, म्हणजे मागे सरकणारं वजन उलट कमी झालं! मग असं का करतात? कारण ताकदवान बाईकची अडचण वेगळी असते. पुढचं चाक उचलून बाईक उलटण्याची भीती असते, म्हणून एक्सिलेटर सोडावा लागतो. लांब चिमट्याने पुढचं चाक खाली राहतं आणि पूर्ण ताकद वापरता येते.

आपल्याकडच्या साध्या १५० सीसी बाईकला ही अडचण फारशी येतच नाही. तिचा चिमटा लांबवला तर मागची पकड कमी होईल, वळणावर बाईक जड होईल, चेन लांबेल आणि स्पीडब्रेकरला पोट घासेल. आजार नसताना औषध घेण्यासारखं आहे हे.

आणखी एक गंमत सांगतो. अमेरिकेतल्या सगळ्यात वेगवान 'टॉप फ्युएल' ड्रॅग गाड्यांना मागे सस्पेन्शनच नसतं. अ‍ॅक्सल थेट चेसीला बांधलेला असतो. गाडी इतकी लांब की दोन चाकांमधलं अंतर साडेसात मीटरच्या वर. चेसी स्वतः वाकते आणि कमी हवेचे प्रचंड टायर चुरगळून स्प्रिंगचं काम करतात. हे चालतं, कारण तो पट्टा सपाट असतो आणि त्यावर चिकट द्रव मारलेला असतो. म्हणजे सस्पेन्शन किती आणि कसं हवं, हे आधी रस्ता ठरवतो.

बदल करायचेच तर क्रम कोणता?

१) टायर आणि त्यातली हवा. सगळा जोर शेवटी तळहाताएवढ्या रबरातून जातो.
२) जुने बुश, गळणारे शॉकअप, सैल यू-बोल्ट दुरुस्त करणे.
३) अ‍ॅक्सलचा पिळ थांबवणे (पाट्याच्या गाडीत ट्रॅक्शन बार).
४) कमी-जास्त करता येणारे शॉकअप.
५) सगळ्यात शेवटी दांड्यांची नवी रचना, तीही फक्त ट्रॅकच्या गाडीत.

गंमत बघा, यातले पहिले दोन मुद्दे रोजच्या वापराच्या गाडीलाही लागू आहेत आणि नेमके तेच आपण टाळतो.

दोन मोठे गैरसमज

पहिला गैरसमज : "मागचं सस्पेन्शन बदललं की कुठलीही गाडी जास्त पकडते."
अल्टो, स्विफ्ट अशा छोट्या कार पुढच्या चाकांनी ओढतात. सुटताना वजन मागे जातं, म्हणजे त्यांच्या ओढणाऱ्या चाकांवरचा भार कमी होतो. मागे मऊ स्प्रिंग टाकून नाक वर केलं तर दिसतं झकास, पण पकड काही वाढत नाही. आधी विचारा, माझी गाडी कोणती चाकं ओढतात?

दुसरा गैरसमज : "पाटे वाढवले की गाडी मजबूत होते."
आपल्या भागात हे फार चालतं. चिकूच्या हंगामात, विटांच्या खेपांना, कधी तर वापी-उंबरगावला कामावर जाणारी माणसं नेण्यासाठीही पिकअपला जादा पाटे टाकतात. गाडी बसत नाही, म्हणून चालकाला वाटतं की भार पेलला. पण पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. टायरची क्षमता वाढत नाही. अ‍ॅक्सल तोच राहतो. उलट रिकाम्या गाडीत कडक पाटे चाकाला खड्ड्यावर उसळवतात, आणि उसळलेलं चाक ना ओढत, ना थांबवत. गाडी बसणं ही तिने दिलेली सूचना असते. पाटे टाकून आपण फक्त ती सूचना बंद करतो.

रस्ता म्हणजे ट्रॅक नाही

हा लेख लिहायला बसण्याचं खरं कारण आता सांगतो. मागच्या १५ ऑगस्टला झेंडावंदनाला माझा एक जुना विद्यार्थी आला. वय एकोणीस, हायवेजवळच्या गॅरेजमध्ये काम शिकतोय. चौथीत असताना सायकलची चेन दोन मिनिटांत बसवायचा. मला म्हणाला, "सर, बाईकला लांब चिमटा टाकायचाय. पैसे जमवलेत. रात्री सर्व्हिस रोडला पोरं स्टार्ट लावतात, त्यात माझी गाडी मागे राहते."

मी त्याला ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तो "हो सर" म्हणून गेला असता आणि संध्याकाळी चिमटा टाकला असता. मी त्याला वर्गात नेलं आणि फळ्यावर हेच सूत्र मांडलं. आकडे त्यालाच घालायला लावले. चिमटा लांबवल्यावर मागचं वजन कमी येतंय हे त्याने स्वतः काढलं आणि फळ्याकडे बघत राहिला.

मग आम्ही दुसरा हिशोब केला, थांबण्याचा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर २८ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी सुमारे ५६ मीटर. एकूण ८४. ओल्या रस्त्यावर पकड ४० टक्के धरली तर एकूण सुमारे १२६ मीटर. रात्री बाईकचा दिवा एवढ्या लांबचं नीट दाखवतो का? आणि मध्येच गुरं आली, कामावरून सायकलने घरी निघालेला कुणाचा बाप आला तर? ड्रॅगच्या पट्ट्यावर रेस संपल्यावर थांबायला लांबलचक मोकळी जागा ठेवलेली असते. आपल्या सर्व्हिस रोडच्या शेवटी नाका असतो.

ट्रॅकवरही हा खेळ धोक्याचाच आहे. २००८ मध्ये अमेरिकेत स्कॉट कालिटा हा नामवंत चालक शर्यतीत मरण पावला. त्यानंतर तिथल्या सगळ्यात वेगवान गाड्यांचं अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणलं. तिथे तर हेल्मेट, अग्निरोधक कपडे, रुग्णवाहिका, सगळं होतं. तिथली मुलंही आधी रस्त्यावरच रेस लावत होती. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संस्था काढली, ती याच मुलांना रस्त्यावरून उचलून सुरक्षित पट्ट्यावर नेण्यासाठी.

आपला राष्ट्रीय महामार्ग ४८ कसा आहे हे डहाणू-तलासरीकरांना वेगळं सांगायला नको. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा सगळ्या देशाला या रस्त्याचं नाव कळलं. आपल्या पाड्यांवरची जी माणसं इथे जातात, त्यांची नावं देशाला कळत नाहीत, एवढाच फरक.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ नुसार शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी रेस लावणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. आणि पालकांनो, कलम १९९ क (इंग्रजीत १९९ए) नीट वाचा. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

थोडक्यात

• पकड = चाकावरचं वजन आणि टायर-रस्त्याची जोडी.
• सुटताना वजन मागे सरकतं. किती, ते झटका, उंची आणि लांबी ठरवतात.
• सस्पेन्शन वजन तयार करत नाही, ते टायरवर सलग पोचवतं.
• आधी टायर, मग दुरुस्ती, मग बदल.
• पाटे वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत.
• रेस फक्त ट्रॅकवर.

स्वाध्याय

१) पिकअपच्या उदाहरणात ४०० ऐवजी २०० किलो दगड भरले असते तर गाडी चढली असती का? हिशोब करून दाखवा.
२) बाईकच्या उदाहरणात चाकांमधलं अंतर १.३ ऐवजी १.६ मीटर घ्या. किती वजन मागे सरकेल? (उत्तर : सुमारे ३९ किलो)
३) तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीची कोणती चाकं ओढतात ते शोधा.
४) ट्रॅक्टरच्या पुढे लोखंडी वजनं का लावतात? सूत्राच्या मदतीने सांगा.

आणि तो मुलगा? दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा भेटला. जमवलेल्या पैशांतून त्याने दोन्ही टायर नवीन घेतले होते आणि मागचा गळका शॉकअप बदलला होता. "आता ब्रेक मारला की गाडी सरळ थांबते, सर," म्हणाला. सर्व्हिस रोडला जातोस का, असं मी विचारलं. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कमी केलंय." खोटं बोलला नाही, याचं बरं वाटलं. अ‍ॅम्बी व्हॅलीला मेकॅनिक म्हणून कुणाच्या टीमबरोबर जाता येतं का, त्याची चौकशी मी करतोय. तोपर्यंत त्याला एक वही दिली आहे. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोजून तो त्यात लिहितोय.

तुमच्या वर्गातूनही असा एखादा मुलगा गॅरेजमध्ये गेला असेल. त्याला भेटा, त्याच्या हातात खडू द्या आणि हे सूत्र त्याच्याकडूनच सोडवून घ्या.